आराखड्याची प्रत

वैदेहीनं 'ए निगेटिव्ह'च्या जागी 'ओ निगेटिव्ह' टाकून डेटाबेसला तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर आलं: रक्ताच्या शून्य पिशव्या. मानवत गावातल्या घरी बसून, चाचणीपुरत्या ओ निगेटिव्हच्या खोट्या नोंदी तिनंच भरल्या होत्या. मग त्या गेल्या कुठं?

डेटाबेसमध्ये माहिती शोधायची वाट प्लॅनर नावाचा त्याचाच एक भाग ठरवतो. बाहेरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमनं, म्हणजे एक्स्टेन्शननं, त्याच्या आराखड्यात बिनधोक बदल कसा करावा, याचं अधिकृत पान वैदेही लिहीत होती. त्यातलं एक वाक्य प्रसिद्धही झालं होतं: नको असलेला भाग आराखड्यातून थेट काढला तरी चालतो. चालत नव्हतं. तोच आराखडा पुढच्या प्रश्नालाही वापरला जातो. ए निगेटिव्ह शोधताना काढून टाकलेला ओ निगेटिव्हचा भाग तेव्हा सापडणार कसा? खरं तर आधी आराखड्याची प्रत करायची आणि प्रतीत काय ते काढायचं. पण वैदेहीबाई पडल्या टापटिपीच्या. दर चाचणीला डेटाबेसशी नवी जोडणी उघडायच्या, आणि नव्या जोडणीत आराखडाही नवाच बनतो. आज आळसानं जुनी जोडणी तशीच राहिली म्हणून चूक दिसली.

मग तिला धम्मपाल आठवला. हा तिचा कॉलेजचा सोबती परभणीच्या एका रक्तपेढीत कॉम्प्युटर सांभाळायचा. दुर्मिळ गट झटकन सापडावेत म्हणून तिचं पान समोर ठेवून त्यानं एक्स्टेन्शन लिहिलं होतं. तिथं काउंटरवरचा प्रोग्रॅम सकाळी उघडला की दिवसभर तसाच चालू असतो, म्हणजे जोडणीही दिवसभर तीच.

फोन लागेपर्यंत तिच्यानं खुर्चीत बसवेना. तिनं घाईघाईनं सगळं सांगितलं, एक्स्टेन्शन आधी काढून टाक म्हणाली. पलीकडे बटणं वाजली.

"काढलं. पण मघाशी एकाला ओ निगेटिव्ह न्हाई म्हणून सांगितलंय. बोरीचा माणूस. बायकोला लागायलंय म्हणत होता."

तिनं फ्रिज उघडून बघायला सांगितलं. तो गेला, आला, आणि पिशव्या आहेत म्हणाला. मग दुसऱ्या फोनवरून त्यानं त्या माणसाला गाठलं. तो रक्तासाठी नांदेडच्या गाडीची वाट बघत स्टँडवरच उभा होता. वैदेहीला रडू आलं, आणि इतकं हायसं वाटल्याची लाजही वाटली. पानावरचं ते वाक्य गुपचूप पुसून टाकावं, असंही क्षणभर मनात येऊन गेलं.

"हे बसवून किती दिवस झाले?" तिनं भीत भीत विचारलं.

"सोमवारी बसवलं."

आज गुरुवार होता.

"तू तपासलं नाहीस?"

"तुझं पान म्हणल्यावर कशाला तपासू?"

तिनं वाक्य पुसलं नाही. हे चुकीचं आहे, असं करू नका, असं त्याच्याच वर ठळक लिहून पान प्रसिद्ध केलं. मग सोमवारपासून ज्यांना नाही म्हटलं त्यांचे नंबर मागितले. अर्धे मी लावते, म्हणाली.

पहिला नंबर सोमवारचाच निघाला. फोन एका बाईनं उचलला. वैदेहीनं रक्तपेढीकडून बोलतेय म्हणून सांगितलं, ओ निगेटिव्हची पिशवी आहे, लगेच मिळेल.

"आता कशाला, बाई?"