औषध घातलेली टाकी

बापूसो मगदुमांना गंज चढला. आधी खांद्याला, मग छातीला, आणि आता तर श्वास घेतला की आत पत्रा करकरायचा. त्यांच्या बायकोनं, इंदूताईंनी, चिंचेनं घासून पाहिलं, रॉकेल चोळून पाहिलं. वरचा पोपडा निघायचा आणि खाली पुन्हा तेच तांबूस. धडधाकट नवरा भुगा होऊन केरात जाणार, ही भीती बाईला धरून बसली.

"कारखान्यात ने मला," बापूसो म्हणाले. उभा जन्म त्यांचा तिथंच गेला होता, तेजाबाच्या टाकीत लोखंड बुडवून स्वच्छ करण्यात.

टाकीवर त्यांचा जुना जोडीदार अण्णाप्पा होता. त्याला काही नवल वाटलं नाही.

"तेजाब गंज खातंय, वैनी. गंज संपला की पोलादाला तोंड लावतंय. म्हणून औषध घालायचं. मग ते पोलादाला शिवत नाही."

"घातलंय?"

"सकाळच्या पाळीनं घातलं असणार की."

आणि सकाळची पाळी म्हणणार, रात्रीच्यांनी घातलं असणार! औषधाला ना रंग ना वास, सगळा कारभार एकमेकांच्या भरवशावर. इंदूताईंचा असल्या भरवशावर काडीचा विश्वास नव्हता.

"आधी नमुना बुडवा," त्या म्हणाल्या.

बापूसोंनी करंगळी बुडवली. गंज गेला, नख चकाकलं, आणि मग फसफसत करंगळीही गेली.

"घातलं नव्हतं," अण्णाप्पा म्हणाला.

"जिवावरचं करंगळीवर निभावलं," बापूसो म्हणाले.

अण्णाप्पानं औषधाचा कॅन टाकीत उपडा केला, बांबूनं ढवळलं. बापूसोंनी शेजारचं बोट बुडवलं, ते लख्ख होऊन जागच्या जागी राहिलं. मग बापूसो डोक्यासकट आत उतरले. बुडबुडे मंदावेपर्यंत इंदूताई काठावरून हलल्या नाहीत.

बाहेर काढून पाण्यानं धुतले तेव्हा बापूसो नव्या ताटासारखे लखलखत होते. श्वासाचा आवाज नव्हता.

"लई हलकं वाटतंय गं."

इंदूताईंचा जीव भांड्यात पडला. त्या खुशाल सगळ्यांदेखत रडल्या.

"हात नका लावू," म्हणत अण्णाप्पानं हातमोजे पुढं केले. "औषध टाकीतच राहिलं. उघड्या पोलादाला घामाचा हात लागला की गंज धरतोय."

इंदूताईंनी मोजे चढवले. क्षणभर नवऱ्याकडं बघितलं, आणि काढून टाकले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बघता बघता तिथं पाच बोटं तांबूस उमटली.

बापूसोंनी मान वळवून ती पाहिली. मग तिचा दुसरा हात धरला आणि आपल्या छातीवर, अगदी मधोमध, दाबून ठेवला.