खांद्यांवरच्या लाल रेघा

दर शनिवारी चित्रकारांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर एकेकाचं चित्र सोलून निघायचं. रीत साधी होती. कुणीतरी आपलं चित्र टाकायचं आणि बाकीच्यांनी त्यावर लाल रेघांनी चुका दाखवायच्या. रीत वाईट नव्हती, कित्येकजण तिच्यामुळे शिकलेही. पण रेघ कुणाच्या हातात आहे यावर सगळं असतं. इथे ती होती गुरुजींच्या हातात. गुरुजी हे लोकांनी दिलेलं नाव, आणि त्यांनी ते फारच मनावर घेतलं होतं. मागे त्यांची री ओढणारे हजारो.

मावशीला तिथे आणलं भाचीनंच. मावशीचं कपडे दुरुस्तीचं दुकान. पँटची उंची कमी कर, चेन बदल, कोट सैल कर. कामातून उसंत मिळाली की ती खाकी कागदावर गिऱ्हाइकं काढायची, आणि तीही पाठमोरी, कारण टाचण्या लावताना तिला माणसांच्या पाठीच दिसत. पण काय पाठी! माणूस थकलाय की लाजलाय की घरून भांडून आलाय, ते नुसत्या पाठीवरून कळावं. "लोकांना दिसायला हवं हे," असं म्हणत भाचीनं तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

गुरुजींनी पहिल्याच चित्रात डावा खांदा वर उचलला, कंबर सरळ केली, एक पाय लांब केला. खाली लिहिलं, "शरीर असं नसतं. मशीन सोडा, आधी सांगाडा शिका." मग काय, आयतंच कोलीत मिळालं. कुणी तिला 'कुबडांची राणी' म्हटलं, कुणी तिचा फोटो वाकडातिकडा करून फिरवला. एकानं दुकान शोधून काढलं आणि कधी तिथे पाऊल न टाकता 'पँट तिरकी शिवते' असा शेरा मारला. मावशी मात्र दर शनिवारी नवं चित्र टाकतच राहिली.

भाची मूग गिळून गप्प होती. गुरुजींनी तिला नुकतंच ग्रुपची मॉडरेटर केलं होतं आणि पुढच्या महिन्यापासून त्यांच्या स्टुडिओत जागा द्यायचं कबूल केलं होतं. ही बाई आपली मावशी आहे, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

पाचव्या शनिवारनंतरच्या मंगळवारी दुपारी ती दुकानात गेली.

"मावशी, बंद कर ना ते खातं."

मावशीनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि मापांची वही पुढे सरकवली. "बघ. डावा खांदा वेगळा, उजवा वेगळा लिहिलाय. अडतीस वर्षांत सारख्या खांद्यांचा एकच भेटला, तो काचेतला पुतळा. आणि त्याला मुंडकं नाही!"

"तुला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. दोन दिवस पेन्सिलीला हात लावला नाही. मग एक बाई आली, उभी राहिली, आणि तिची पाठ अशी होती की काढल्याशिवाय राहवेना." मावशीनं वही मिटली. "आणि कोपर मात्र गुरुजींनी बरोबर दाखवलं हं. ते चुकतच होतं माझं."

इतकं सगळं झाल्यावर कोपर बरोबर म्हणायला केवढी छाती लागते! भाचीला आपल्या मावशीचा अभिमान वाटला, आणि त्याच दमात स्वतःची लाज वाटली.

"तुझं नाव दिसतं तिथे वर," मावशी सहज म्हणाली. "कामात असशील म्हणून बोलली नसशील."

त्या शनिवारी दुपारी गुरुजी नवा कोट घालून व्हिडिओवर उभे राहिले. विषय 'खांदे'. चुकीचं उदाहरण म्हणून मागच्या फळ्यावर मावशीचंच चित्र. ते बोलत असतानाच खाली मावशीचे शब्द उमटले:

"गुरुजी, कोपर सुधारलं, आभार. तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, म्हणून कोटाला तिकडे सुरकुती पडते. चूक शिवणाऱ्याची, तुमची नाही. दुकानात आणा, आत पातळ पॅड घालून देते."

यात टोमणा नव्हता, हे मावशीला ओळखणाऱ्यालाच कळलं असतं. बाकी सगळे खांदा बघायला लागले. खुद्द गुरुजींचा हात तिकडे गेला. लगेच व्हिडिओ बंद झाला आणि भाचीच्या फोनवर निरोप आला: "काढ ते. तिला ग्रुपबाहेर कर. आत्ता."

एक बटण दाबायचं होतं. स्टुडिओतली ती जागा भाचीच्या डोळ्यांसमोर आली. तीन वर्षं तिनं त्या जागेसाठी जिवाचं रान केलं होतं. तिनं मावशीच्या शब्दांखाली लिहिलं, "ही माझी सख्खी मावशी. चित्रातले खांदे बरोबर आहेत, मी मापं पाहिली आहेत. हे मी पहिल्याच शनिवारी सांगायला हवं होतं."

मिनिटभरात तिलाच ग्रुपबाहेर काढलं गेलं. तेवढ्यात फोन वाजला.

"वाचलं गं," मावशी म्हणाली. मागे चालू असलेलं मशीन थांबलं.

"मावशी?"

"पाच शनिवार वाट बघितली मी," मावशी म्हणाली, आणि आज पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.