पोट मऊ

काचेतून रुग्ण तपासायची युक्ती आमच्या साहेबांची. साथीच्या तापाच्या वॉर्डाला त्यांनी दाराशेजारी मोठी काच बसवून घेतली आणि आत प्रत्येक खाटेशी फोन. राउंडला आम्ही डॉक्टर काचेबाहेर उभे राहायचो. साहेब फोनवरून विचारायचे, खोकला कसा आहे, जेवलात का, जीभ दाखवा. दहा मिनिटांत सगळा वॉर्ड उरकायचा. ताप आणि नाडी बघायला आत सिस्टर होतीच. तिच्या जिवाची काळजी कोणाला नव्हती.

भीती मलाही होती, खोटं कशाला बोलू? आमच्या भूल देणाऱ्या मॅडम याच तापानं गेल्या होत्या आणि माझी लेक जेमतेम दीड वर्षाची. आत जायचे पोशाख कपाटात पडून होते. तरी साहेबांनी ‘आत जायची गरज नाही’ म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. आज मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

तिसऱ्या खाटेवर एक रंगारी होता. पहिल्याच दिवशी त्यानं पोट दुखतंय म्हणून सांगितलं. साहेब फोनवर म्हणाले, स्वतःच दाबून बघा, मऊ लागतंय की कडक. त्यानं दाबलं, तोंड वाकडं केलं आणि मला त्यातलं काय कळणार, म्हणाला. मी केसपेपरवर लिहिलं, ‘पोट मऊ’. हात सवयीनं चालला. पोटाची काही तक्रार नसली की आम्ही तेच लिहितो. पण त्याची तर तक्रार होती! दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझं बघून लिहिलं, तिसऱ्या दिवशी मी साहेबांचं बघून.

त्याची बायको रोज फाटकापाशी येऊन बसायची. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी तिनं मला गाठलं.

"फोनवर त्यांना धड बोलवत नाही हो. तुम्ही हात लावून बघितलंत ना?"

"हो, रोज बघते," मी म्हणाले.

जिना चढताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. सरळ जाऊन कपाट उघडलं आणि पोशाख चढवला. नसतं धाडस करू नका, तुम्हाला लहान मूल आहे, असं साहेब मागून सांगत राहिले. मी वळून बघितलं नाही.

त्याचं पोट पाटासारखं कडक होतं. बोट टेकवलं तसा तो कळवळला. आतडं फुटलं होतं, आणि ते काही आज फुटलेलं नव्हतं.

वॉर्डाच्या दारातूनच मी सर्जनना स्पीकरवर फोन लावला. त्यांनी आधीचे केसपेपर वाचायला सांगितले. साहेबांनी ते लांब उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवले. सर्जन म्हणाले, तीन दिवस पोट मऊ होतं, मग आज एकदम कसं फुटेल? आधी तापाचं नीट बघा. साहेबांनी केसपेपर मिटले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, तीन दिवस त्याला कोणीच हात लावलेला नाही," मी म्हणाले. "मी खोटं लिहिलंय. साहेबांनीही."

साहेबांनी झटकन जवळ येऊन फोन हिसकावायला हात पुढे केला आणि माझा पोशाख बघून मागे घेतला.

सर्जन आले. त्यांनी पोशाख घातला आणि तीन तास ऑपरेशन केलं. पण विष रक्तात भिनलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी रंगारी गेला.

बायकोला ताप म्हणूनच सांगा, असं साहेबांनी मला बाजूला घेऊन सुचवलं. तापानं माणसं जातायत, ती काही विचारणार नाही. मी तडक फाटकाकडे निघाले. तिच्याशेजारी बाकावर बसून सगळं सांगितलं. काच, फोन, माझं अक्षर, मी तिला दिलेलं उत्तर. ती मला मारेल असं वाटलं होतं. तिनं मारावं, असंही वाटत होतं.



"भीती वाटत होती तर मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "मी गेले असते आत. कुठं दाबायचं तेवढं इथून सांगितलं असतंत, तर मी बघितलं असतं दाबून."