चाकावरची लाल चिंधी

मी एक गस्तीनौका. बोलायची सवय नाही, पण आज जीव थाऱ्यावर नाही म्हणून बोलतेय.

माझा जन्म युद्धाच्या घाईतला. इंजिनाशेजारी समुद्राचं पाणी आत घेणारा एक व्हॉल्व्ह आहे. त्याचं चाक उलटं बसलं. बाकीचे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात, हा डावीकडे. दुरुस्तीला सवड कुणाला होती? आमच्या मिस्त्रीकाकांनी चाकाला लाल चिंधी बांधली. नवीन माणूस आला की म्हणायचे, "आधी चिंधीला नमस्कार कर, मग कामाला लाग."

सहा वर्षं गस्त घातली. युद्ध संपलं आणि मला दुसऱ्या देशाच्या नौदलाला द्यायचं ठरलं. काकांनी मला घासूनपुसून रंगवलं आणि चिंधीही सोडली.

"काका, राहू दे ना ती," कुणीतरी म्हणालं.

"लेक सासरी चाललीय. चिंध्या बांधून पाठवू होय? त्यांच्या मिस्त्रीला तोंडी सांगतो."

नव्या मिस्त्रीला त्यांनी सगळं दाखवलं. इंजिन कुठे कुरकुरतं, कुठला दरवाजा खांद्याने ढकलावा लागतो. तेवढ्यात धक्क्यावर बँड वाजला, झेंडा उतरला, काकांचे डोळे भरले. चाकाचं सांगायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून मला घोर लागला होता. तो व्हॉल्व्ह एरवी उघडाच असतो, त्यामुळे आठवडाभर कुणी हात लावला नाही. आज सकाळी नवा मिस्त्री पाण्याची गाळणी साफ करायला बसला. गाळणी उघडण्याआधी समुद्राचं पाणी बंद करायला त्याने चाक उजवीकडे फिरवून पाहिलं. ते हललं नाही.

"बंदच आहे की," तो सोबत्याला म्हणाला आणि गाळणीच्या झाकणाचे बोल्ट सैल करू लागला.

अरे, थांब. खाली समुद्र आहे. वर अकरा माणसं चहा पिताहेत. मला हाक मारता येत नाही.

पाणी आलं.

"नळीत उरलेलं असेल," सोबती म्हणाला.

"उरलेलं पाणी ओसरतं. हे वाढतंय."

त्याने घाईने बोल्ट पुन्हा आवळले. चाकाकडे बघत क्षणभर बसला. मग ते डावीकडे फिरवलं. फिरत गेलं, फिरत गेलं. बोल्ट पुन्हा जरासा सैल करून पाहिला. चार थेंब पडले, बस्स.

"कुणाचं रे हे डोकं?" असं पुटपुटत त्याने खांद्यावरच्या पुसायच्या फडक्याची पट्टी फाडली आणि चाकाला बांधली. तीही लालच निघाली.

उद्या मोठे साहेब तपासणीला येणार आहेत. सकाळपासून पितळ घासणं चाललंय. साहेब, माझ्यात काहीही चकचकीत करा. ती चिंधी तेवढी राहू द्या.