अर्धं कडं

"मामा, हा तिसरा काप कशाचा?"

प्रांजल मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नव्हता. केरबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ब्लेड पुसत होता. सांगलीच्या त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याची एकतीस वर्षं गेली होती. गाजराच्या चिरेत पान धरून तो असा पातळ काप काढायचा, की खालचं अक्षर वाचता यावं. आजही पोरांच्या प्रात्यक्षिकासाठी त्यानं मक्याचे आणि सोयाबीनचे काप केले होते. मक्याच्या पानात शिरेभोवती हिरवं कडं असतं, सोयाबीनच्या नसतं, एवढंच पोरांना दाखवायचं होतं.

"ते व्हय? गावाकडचं तण हाय. परवा रविवारी गेलतो, तवा चार पानं खुडून आणली. चुकलं का काय?"

मॅडम खुर्चीवरून उठल्या.

"तुम्ही बघा. बसा इथं."

"मी?"

एकतीस वर्षांत त्या नळीला त्यानं डोळा लावला नव्हता. नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात एका सरांनी "भिंग पुसायचं, बघायचं नाही" असं सांगितलं होतं, आणि ते त्यानं पाळलं होतं. तो अवघडून बसला. आधी नुसतीच पापणी दिसली. मग एकदम उजेड झाला, आणि त्या उजेडात हिरव्या मण्यांची एक ओळ शिरेभोवती वळत गेलेली दिसली. निम्म्यापर्यंत मणी ठसठशीत होते, पुढं विरळ.

"आयला," तो म्हणाला. "हे मी कापलंय?"

"तुम्हीच. आता ऐका. मका, ऊस, ज्वारी ही झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी पकडतात आणि शिरेभोवतीच्या कड्यात नेऊन दाटीनं साठवतात. तिथं त्याची साखर होते. म्हणून ती कडक उन्हात, थोडक्या पाण्यातही तग धरतात. फुलांच्या झाडांना ही युक्ती एकदा नाही, साठांहून जास्त वेळा सुचलीय. वेगवेगळ्या कुळांत, आपापली. हे सगळं गेल्या तीन कोटी वर्षांत झालं. पण ती जमत कशी गेली, हे दाखवणारी वाटेतली झाडं फार थोडी आहेत. मामा, याचं कडं अर्धंच झालंय. हे वाटेतलं झाड आहे. आणि पुस्तकात हे मला कुठंच दिसलेलं नाही."

"नाव न्हाई त्याला. मेंढरं बी तोंड लावत न्हाईत."

"कुठं उगवतं?"

"आमच्याच माळावर. दुसरीकडं कुठं दिसलं न्हाई मला. निस्ता मुरूम हाय तितं..."

केरबा बोलता बोलता थांबला. मुरूम उकरायला येणारी पोकलेन त्याला आठवली. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि धाकट्या भावाला लावला.

"सिद्धू, ती पोकलेन कवा येणार हुती रं?"

"आवं आण्णा, कालच आली. लय जोरात काम चाललंय."

"थांबव!"

"का वं?"

"झाड हाय तितं."

"झाड? आण्णा, बाभूळ सुदिक न्हाई त्या माळाला. तुमीच म्हणला न्हवं, काय उगवत न्हाई, मुरूम रस्त्याला देऊन टाकू? तुमीच पयली सही केली की!"

केरबानं मोबाइल टेबलावर ठेवला. मॅडमना काही विचारावं लागलं नाही.

मॅडमची गाडी जत तालुक्यातल्या त्या वाडीवर पोचेपर्यंत दुपार झाली. माळ होता तिथं दोन पुरुष खोल खड्डा होता. कडा ताज्या, तांबूस, सरळ कापलेल्या. पोकलेन बंद होती आणि तिच्या सावलीत ड्रायव्हर जेवत होता. केरबा कडेनं फिरला, खाली उतरला, पुन्हा वर आला. एक काडी नव्हती.

"आण्णा, मला काय ठावं?" सिद्धू म्हणाला. "तुमी कालेजातली माणसं."

लहानपणापासून ते तण केरबानं तुडवलं होतं. ते कुणी आहे हे त्याला आज सकाळी कळलं, आणि तोवर काम झालं होतं.

"मुरूम कुठं टाकला?" मॅडमनी विचारलं.

नव्या रस्त्यावर रोलर चालू होता. अजून न पसरलेले तीन ढीग बाजूला होते. केरबा गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी ढीग उपसू लागला. मॅडमही बसल्या. मुकादम आधी ओरडला, मग त्याला त्या म्हाताऱ्याचा चेहरा दिसला. त्यानं रोलर थांबवला. ऊन कलल्यावर केरबाच्या हाताला एक मुळासकट चेंगरलेलं रोप लागलं. पानं वाळली होती. दोन बोंडं होती, तीही उघडून रिकामी झालेली.

बी सांडून गेलं असेल, कदाचित त्या ढिगात, कदाचित रोलरखाली. मॅडमनी ढिगातली चार पोती माती कॉलेजात आणली आणि ट्रेमध्ये पसरून तिला पाणी घातलं. महिनाभरात त्यातून हराळी उगवली, आणखी दोन-तीन ओळखीची तणं उगवली. ते मात्र उगवलं नाही.

रोप दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवलं, तेव्हा मॅडमनी खालची चिठ्ठी केरबापुढं सरकवली. "तुम्हीच लिहा, मामा. कुठं मिळालं ते."

"रस्त्याच्या ढिगात, असं लिवू?"

"जिथं उगवत होतं, ते."

"त्यो माळ आता न्हाई की, मॅडम."

"तरीही तेच लिहायचं असतं."

केरबानं पेन उचललं. सरकारी उताऱ्यावर त्या जागेला नुसता गटनंबर होता. घरात मात्र तिला नाव होतं. पावसाळा संपता संपता मेंढ्या तिथंच व्यायच्या, म्हणून ते आजीनं ठेवलेलं. कॉलेजात ते त्यानं कधी उच्चारलं नव्हतं.

त्यानं खाली वाकून सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: कोकरांचा माळ.