माझ्याच नावाचा दाखला

कारखान्याच्या ऑफिसात गेली बावीस वर्षं मी दाखले लिहितो. घरकर्जासाठी, भाड्याच्या घरासाठी, मुलाच्या शाळेसाठी, ज्याला जो लागेल तो. दाखल्यात खोटा शब्द घालायचा नाही आणि खरा शब्द गाळायचा नाही, ही माझी जुनी खोड. एक स्वल्पविराम चुकला तरी मी अख्खा कागद पुन्हा टाइप करतो, म्हणून मंडळी पाठीमागे मला 'स्वल्पविराम' म्हणतात. समोर साहेब म्हणतात. मला दोन्ही चालतं.

तर या स्वल्पविरामाच्या एकुलत्या एका मुलीला, आमच्या ठमीला, अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. निम्मी फी त्यांनी माफ केली. उरलेली फी, राहणं, जेवण, विमा, पुस्तकं असा वर्षाचा आकडा त्यांनी कळवला आणि एवढे पैसे आहेत हे कागदोपत्री दाखवा म्हणाले. ते पटल्याशिवाय ते एक फॉर्म देत नाहीत, आणि तो फॉर्म हातात असल्याशिवाय व्हिसाच्या दारात कुणी उभं करत नाही. पहिल्या वर्षाचं जमत होतं. ठमीची आई चष्म्याच्या दुकानात काम करते. तिची ठेव आणि माझी ठेव मिळून आकडा जेमतेम गाठला. पुढच्या तीन वर्षांचं काय, याला उत्तर एकच होतं, माझा पगार. म्हणून त्यांना माझ्या नोकरीचा दाखला हवा होता.

"हे तर सगळ्यात सोपं, बाबा," ठमी म्हणाली. "तुमच्या हातचा मळ."

ते सोपं नव्हतं. कारण आदल्याच आठवड्यात मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून, दार लावून, हाताने लिहिलेली एक यादी दिली होती. पुढच्या महिन्याच्या अखेरीस ज्यांना कमी करायचं त्यांची. चौतीस नावं. "तुम्हीच टाइप करा, आणि कुठे वाच्यता नको," एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. का बघत बसले, ते जागेवर येऊन यादी उलगडल्यावर कळलं. अकरावं नाव माझं होतं. मी चौतीसही नावं टाइप केली, हुद्द्यांसकट. यादी खणात ठेवली, कुलूप लावलं आणि जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

घरी बोललो नाही. आज सांगू, जेवण झाल्यावर सांगू, निदान रविवारी तरी सांगू. पण घरात शिरलं की ठमी बॅग वजनकाट्यावर ठेवून ओरडायची, "आई, अजून दोन किलो बसतंय!" आणि तिची आई कपाटातून आणखी एक स्वेटर काढायची. अशा वेळी कुणाच्या तोंडातून शब्द फुटेल? माझ्या नाही फुटला. मी मूग गिळून बसलो आणि वर हसलो.

दाखला लिहिला. 'सदर गृहस्थ आजमितीस आमच्याकडे कायम सेवेत आहेत.' यातला कुठलाही शब्द घ्या आणि कोर्टात उभा करा, खोटा ठरणार नाही. त्या दिवशी मी होतोच की सेवेत. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे न बघता सही केली. ठमीने कागद कॉलेजला पाठवला आणि घरभर नाचली.

पाचव्या दिवशी सकाळी ऑफिसचा मेल उघडला, तर त्यात कॉलेजचं पत्र. दाखला मिळाला, आभार. कृपया मालकांनी स्वतः कळवावं की हे कर्मचारी येत्या शैक्षणिक वर्षात नोकरीत राहण्याची अपेक्षा आहे काय? उत्तर उद्या संध्याकाळपर्यंत.

आता मालकांकडे येणारी असली पत्रं कोण उघडतं? मी. उत्तरं कोण लिहितं? मीच. म्हणजे माझी नोकरी राहणार का, हे परक्या माणसांनी माझ्याच कंपनीला विचारलं होतं आणि कंपनीच्या वतीने खुर्चीत मीच बसलो होतो. दुसऱ्या कुणाची ही गोष्ट असती, तर डबा खाताना मी ती रंगवून सांगितली असती.

मोठ्या साहेबांपुढे पत्र ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. "मुलीचं आहे ना? मग लिहा काय लिहायचं ते. मी वाचत बसणार नाही, सही करून देतो." हा माणूस माझ्यावर उपकार करत होता की हात झटकत होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी दोन उत्तरं लिहून ठेवली. एक 'होय', एक 'नाही'. 'होय' एका ओळीचं होतं. 'नाही' वाढत वाढत अर्ध्या पानाचं झालं. त्या दिवशी एकही पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होतो. कुणी नुसतं 'साहेब' म्हटलं तरी दचकत होतो.

जेवणाच्या सुट्टीत ठमी आली. व्हिसासाठी दाखल्याच्या झेरॉक्सवर शिक्का हवा होता. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून पाय हलवत होती, लहानपणी बसायची तशीच. मी शिक्का हातात घेतला आणि परत ठेवला. मग कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला.

तिने पत्र वाचलं. "मग? आहात म्हणून कळवा ना." मी खणाची किल्ली काढली. "बाबा, आहात ना?"

मी खण उघडून यादी तिच्यापुढे ठेवली. तिचं बोट एकेक नावावरून खाली उतरलं आणि थांबलं. पाय हलायचे थांबले.

"कधीपासून माहीत आहे?"

"एकवीस दिवस झाले."

"आणि रोज घरी येऊन माझी बॅग उचलून बघताय? वजन बरोबर आहे म्हणताय?"

"ठमे, ऐक. साहेब सही करायला तयार आहेत. 'होय' लिहिलं तर तुझा फॉर्म येईल. पुढचं पुढे बघू, मी दुसरीकडे काहीतरी शोधेन. तू म्हणशील तसं करतो. काय लिहू, सांग."

तिने यादी माझ्याकडे ढकलली. मग आवाज चढला. "मला विचारताय? 'होय' म्हटलं तर खोटं मी बोलायला लावलं, 'नाही' म्हटलं तर माझं मी बुडवलं. असंच ना? तुमचं काहीच नाही यात?"

पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी मान वळवली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. अठरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात मी माझं ओझं अडकवत होतो, आणि वर तिलाच निवड दिल्याचा आव आणत होतो. मी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. 'होय' पुसलं. 'नाही' उघडलं, त्यातली लांबण छाटली. 'सदर गृहस्थ पुढील महिन्याच्या अखेरीनंतर आमच्या सेवेत नसतील.' छापून साहेबांकडे नेलं. त्यांनी या खेपेला वाचलं, आणि सही करायला बराच वेळ लावला. परत येऊन कागद स्कॅन केला आणि तिच्यादेखत पाठवून दिला.

ठमी रडत होती, पण आवाज न करता. मी रुमाल पुढे केला, तिने घेतला नाही. बाहीने नाक पुसून म्हणाली, "पहिल्या वर्षाचे पैसे आहेत आपल्याकडे. पण ते तिकडे भरले तर तुम्ही दोघं खाणार काय?" मग तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "माझ्या नावाने एक पत्र लिहायचंय. एक वर्ष जागा ठेवाल का, म्हणून. मी सांगते, तुम्ही टाइप करा."

ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. प्रवेशाबद्दल आभार, कॉलेजला यायची इच्छा कायम आहे, वगैरे. मग म्हणाली, "माझ्या वडिलांची नोकरी जाते आहे."

बोटं उचलेनात. एवढंसं वाक्य. तिने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं, खुर्ची माझ्या बाजूला ओढली, कीबोर्ड आपल्याकडे घेतला आणि ते वाक्य स्वतः लिहिलं. त्याच्यापुढे आणखी एक लिहिलं: 'त्यांनी तुम्हाला खरं कळवलं आहे. मला मात्र त्यांनी एकवीस दिवस सांगितलं नाही.'

"अगं, पत्रात असलं काही घालत नाहीत," मी म्हणालो. "त्यांना काय करायचंय ते? काढ ते."

"पत्र माझं आहे, बाबा," ती म्हणाली, आणि तसंच पाठवलं.