चाळीस पावलं

सदानंदांनी बाटली हातभर उंच धरली आणि समोर ओणव्या बसलेल्या माणसाच्या ओंजळीत पाण्याची धार सोडली. माणूस घटाघटा प्यायला. पोट भरल्यावर त्याने मान हलवून पुरे म्हटलं आणि ओंजळीतलं उरलेलं पाणी तोंडावर मारलं.

"वरून घाला म्हटलं ते वासामुळं, साहेब," तो म्हणाला. "सकाळपासून ढोराशी झटतोय. हात खराब हायत."

"असू दे, असू दे." सदानंद एक पाऊल मागे सरकले आणि त्यांनी बाटलीला झाकण लावलं.

माणसाचं नाव पोश्या. पलीकडच्या वाडीवर राहायचा. वनखात्याने गिधाडांसाठी हे खाद्य केंद्र काढलं तेव्हापासून तो इथे रोजंदारीवर राखणीला होता. केंद्र म्हणजे काय, तर सागाच्या बनापुढे एक उघडा माळ, बघणाऱ्यांना लपायला कुडाचा आडोसा आणि एक निळी पाटी. पाटीवरचं गिधाड रंगाऱ्याने इतकं गुबगुबीत काढलं होतं की कोंबडा म्हणूनही खपलं असतं.

सदानंदांच्या मुलाने, मुकेशने, या जागेबद्दल पेपरात वाचलं होतं. तीन महिन्यांपूर्वी गाडी घेतल्यापासून त्याने रविवारी बापाला फिरवून आणायचा नेम धरला होता. रस्ता झकास निवडायचा तो. आजही मुरबाड, सरळगाव करत आले होते. दोन्ही बाजूंना पळस फुललेला, लांब डोंगरांची निळी रांग. पण कल्याण सोडल्यापासून दोघांत बोलणं काय झालं? तर गाडीचं ॲव्हरेज. मुकेशची आई वंदनाबाई होत्या तोवर बापलेकांचं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. त्या जाऊन दीड वर्ष झालं. आता मुकेश सकाळी कामाला गेला की सदानंद गॅलरीत बसून समोरच्या इमारतीतली धुणी वाळताना बघत. रात्री मुकेश विचारायचा, जेवलात? ते म्हणायचे, हो. तेवढ्यावर दिवस संपायचा.

येताना वाटेत शेणव्याची पाटी लागली होती.

"आपलं गाव ना, बाबा? जाऊन येऊ?"

"कशाला? कोण आहे तिथे?"

मुकेशने गाडी तशीच पुढे काढली.

"बाबा, वर बघा," मुकेश आता म्हणाला. त्याने हात कपाळावर आडवा धरला होता.

सदानंदांनी वर पाहिलं. उन्हात काही दिसेना, मग एक ठिपका दिसला, मग दुसरा. त्यांनी नकळत मोजले. सात. पंख न हलवता सातही जण माळावर फेर धरत होते. पस्तीस-चाळीस वर्षांत सदानंदांनी आभाळात हे पाहिलं नव्हतं आणि पाहिलं नाही हेही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"तेरा दिवसांनी आलीत," पोश्या म्हणाला. "पयले शेकड्यांनी असायची. मग ढोरांना दुखण्याची ती इंजेक्शनं द्यायला लागले. तसलं ढोर खाल्लं का गिधाड मरतं. आता आमी इचारून, खात्री करूनच ढोर घेतो. पन आज मोठीच चूक झाली. टेम्पोवाल्यानं बैल सावलीला झाडाखाली टाकला आन् गेला. माझ्या जोडीला कोंडू असतो, तो आज आलाच नाय."

बैल सागाखाली आडवा पडला होता. पांढरा, म्हातारा, एक शिंग मोडलेलं. मागच्या पायांना दोर बांधलेला होता.

"तिथे नाही उतरायची ती," सदानंद बोलून गेले. "त्यांना मोकळी जागा लागते. पोट भरलेलं गिधाड जागच्या जागी उडत नाही, धावून उडतं. झाडाखाली त्याला कोंडल्यासारखं होतं. त्या खडकाशी न्यायला पाहिजे. चाळीस पावलं."

"बराबर," पोश्या म्हणाला आणि त्यांच्याकडे जरा निरखून पाहू लागला. "आज नाय उतरली तर रातच्याला कुत्री फडशा पाडतील. आन् ही जातील ती कुठं जातील, परत येतील का नाय."

"एवढंच ना? चल, मी लावतो हात." मुकेशने बाह्या वर केल्या. ऑफिसात बसून कंटाळलेल्या माणसाला कष्टाचं काम मजेचं वाटतं, तशा उत्साहात तो बैलाजवळ गेला, वाकला आणि त्याने दोर उचलून खांद्यावर टाकला.

"सोड तो!"

मुकेश दचकला. बापाचा असा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता.

"सोड म्हनतो ना. हात नको लावू रे त्याला."

दोर खाली पडला. सदानंद जवळच्या एका दगडावर बसले, पुन्हा उठले.

"बाबा, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

मघाशी बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं सदानंदांना वाटलं. बरं नाही वाटत म्हणून गाडीत जाऊन बसता आलं असतं. मुकेशने लगेच गाडी काढली असती. पण मुकेशच्या इस्त्रीच्या शर्टावर, खांद्यापाशी, दोराचा मळकट पट्टा उठला होता. त्या पट्ट्यावरून त्यांची नजर हलेना.

"तुझा आजा ढोरं ओढायचा," ते म्हणाले.

"आजोबा? तुम्ही तर म्हणायचात शेतकरी होते."

"शेत कुठे होतं आपलं? गावात कुणाचं ढोर मेलं की आमाला हाक यायची. दारात नाय यायचे, वीस हातांवरून हाक मारायचे. पुढे गोमा, तुझा आजा, खांद्यावर दोर, आणि मागनं ढकलायला मी. चौदा वर्षांचा होतो तोवर मी हेच केलं." ते थांबले. शहरात कमावलेली भाषा जिभेवरून कधी घसरली ते त्यांना कळलंही नव्हतं. "सत्तावन्न साली आमी धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी तुझ्या आजानं तो दोर काळू नदीच्या डोहात टाकला. म्हनला, माझ्या पोरानातवांच्या खांद्यावर हा दोर पुन्हा दिसायचा नाय. मग गावानं पिठाची गिरणी बंद केली आमाला, काम बंद केलं. सगळा पावसाळा रानातले कडूकंद उकडून खाल्ले. पन दोर नाय उचलला. एकानंही नाय."

मुकेशने खांद्याकडे पाहिलं. पट्टा पुसायला हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तुला हे ठाऊकच नसावं, असं वाटायचं मला," सदानंद म्हणाले. "म्हणून तर तू उचललास."

वर फेर थोडा खाली आला होता. एक मोठी सावली माळावरून सरकत गेली.

"तुमी बसा, साहेब," पोश्या म्हणाला. "मी बघतो."

त्याने दोर खांद्यावर घेतला, टाचा मातीत रोवल्या आणि अंग पुढे झोकलं. बैल वीतभर सरकला. पोश्याने पुन्हा जोर केला. त्याच्या मानेची शीर फुगली, पाय घसरला आणि तो गुडघ्यावर आला. उठून त्याने पुन्हा दोर घेतला.

सदानंद बघत होते. गोमाही असाच पुढे झुकायचा, डावा खांदा खाली घालून. बापाने दोर डोहात टाकला तेव्हा काम संपलं असंच त्यांनी धरलं होतं. काम संपलं नव्हतं. ते या माणसाच्या खांद्यावर आलं होतं. पन्नास वर्षांत ते कुणाच्या खांद्यावर आहे हे विचारायची त्यांना एकदाही आठवण झाली नव्हती. त्यांना शरम वाटली.

"मुकेश," ते म्हणाले. "गाडीला मागे हूक असतो ना?"

मुकेशने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा बैलाकडे. रोज सकाळी पिवळ्या फडक्याने पुसायचा तो ती गाडी. बापाने चप्पल झटकल्याशिवाय आत पाय ठेवलेला त्याला खपत नसे.

"असतो," तो म्हणाला आणि खिशातून किल्ली काढली.

दोर पोश्यानेच बांधला. सदानंद खडकापाशी जाऊन उभे राहिले. पस्तीस वर्षं त्यांनी कल्याणच्या रेल्वे यार्डात डब्यांचं शंटिंग केलं होतं. आता त्यांनी तसाच हात वर धरला. हळू. आणखी हळू. गाडी कण्हली, धूळ उडाली, बैलाचं धूड गवत दाबत त्यांच्या दिशेने येऊ लागलं. डावीकडे. बस. हात खाली.

पोश्याने हुकाचा दोर सोडला, मुकेशने गाडी झाडांआड नेली, मग तिघं कुडामागे बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. मुकेशच्या खिशातला मोबाइल दोनदा थरथरला, त्याने तो बंद केला. मग पहिलं गिधाड उतरलं, खडकापासून लांब, पाय पुढे टाकून, चार पावलं धडपडत. ते थांबलं. उघडी लांब मान वळवून त्याने कुडाकडे पाहिलं. मागोमाग दुसरं आलं, मग बाकीची एकदम. त्यांच्या पंखांचा आवाज सदानंदांना इतक्या वर्षांनी जसाच्या तसा ओळखू आला.

"गावकुसाबाहेर आमच्याकडे दुसरं कुणी यायचं नाही," ते अगदी हळू म्हणाले. "हीच यायची."

मुकेश जरासा सरकून त्यांच्या लगत बसला.

ऊन कलल्यावर गिधाडं एकेक करून माळावरून धावली आणि उठली. सातही गेली. पोश्याने बैलाच्या पायांचा दोर सोडला, गुंडाळून कुडाला टांगला आणि तो सवयीने जमिनीवर ओणवा बसला. त्याने ओंजळ पुढे केली.

"साहेब, जरा पानी."

सदानंदांनी बाटली उघडली. हात वर गेला आणि मध्येच राहिला. शेणव्याच्या विहिरीवर त्यांची आई येसूबाई अशीच बसायची. काठावरच्या बाया मनात येईल तेव्हा धार धरायच्या, आणि घागर नेहमी हातभर उंच असायची. मघाशी आपण बाटली किती उंच धरली होती, तेही त्यांना आठवलं. आणि मागे घेतलेलं ते पाऊल.

ते वाकले. त्यांनी बाटली पोश्याच्या हातात दिली.

"घे, भाऊ. ऊठ आणि सावकाश पी."

पोश्या उभा राहिला. तरी तो वरूनच प्यायला, ओठ न लावता. मग शर्टाच्या टोकाने बाटलीचं तोंड पुसून त्याने ती संकोचत परत दिली.

सदानंदांनी ती घेतली आणि तोंडाला लावली. पाणी गरम झालं होतं. ते दोन घोट प्यायले.

"मला पण ठेवा थोडं," मुकेश म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.